घराचा चेहरा आणि घराचा देह : पणजीतील पाश्चात्य शैलीची जुनी घरे व मांडवीचा काठ

प्रस्तावना :

मराठवाड्यातून गोव्याला जाणारा प्रवासी बहुधा समुद्रकिनारा आणि जुन्या गोव्यातील चर्च एवढे पाहून परततो. पणजी त्याच्या वाटेत लागते, परंतु तो तेथे थांबत नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत प्रस्तुत लेखकास चार दिवस केवळ पणजीतच राहण्याचा योग आला. त्यातील बराचसा वेळ फोंतेन्यास व सां तोमे या दोन जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत आणि मांडवीच्या काठावर गेला. येथील घरे 'पाश्चात्य शैलीची' म्हणून ओळखली जातात. ती नेमकी कोणत्या अर्थाने पाश्चात्य आहेत आणि इतकी वर्षे ती कशाच्या बळावर उभी राहिली, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. नांदेड-लातूर परिसरात ज्याचे बालपण माळवदाच्या घरात गेले, त्याला हे पाहताना स्वतःच्या गावातील पडक्या वाड्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. ती आठवण लेखातून वगळण्याचा प्रयत्न केलेला नाही.

नदीकडे तोंड केलेले शहर :

पणजी हे मुळात मांडवीच्या दक्षिण तीरावरील दलदलीचे, माडांचे व भातखाचरांचे एक खेडे होते. नदीकाठी आदिलशाही काळातील एक राजवाडा होता. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे घेतला. जुन्या गोव्यात वारंवार येणाऱ्या साथींमुळे ते शहर ओस पडू लागले, तेव्हा इ.स. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान या राजवाड्यात हलविले. त्याही पूर्वी, इ.स. १६३३-३४ मध्ये, काउंट लिन्यारिश या व्हाइसरॉयने पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा जांभ्या दगडाचा बांध-पूल दलदलीतून बांधून घेतला होता. पुढे व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने इ.स. १८२६ ते १८३५ या काळात खाजणे बुजवून, वाळूचे उंचवटे सपाट करून, सरळ रस्ते आखून शहराची मांडणी केली. दिनांक २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला.

सरकारी इमारती, जकात कचेरी, धक्के हे सारे नदीला समोर ठेवून उभे राहिले. शहरात येणारा माणूस पाण्यातून येत असे, म्हणून शहराने आपला चेहरा पाण्याकडे ठेवला. मुंबईहून निघालेली आगबोट पणजीच्या धक्क्याला लागत असे, हे जुन्या पिढीतील मराठी वाचकांना आठवत असेल. आपल्याकडे नांदेड हेही नदीकाठचेच शहर आहे. तथापि गोदावरीचा काठ हा घाटांचा काठ आहे. नगिना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट ही नावे स्नान, दान आणि अंत्यविधी यांच्याशी जोडलेली आहेत. व्यापार आणि राज्यकारभार पाण्याच्या वाटेने आला नाही, म्हणून पेठांनी नदीकडे तोंड केले नाही. लातूरच्या वाचकास तर नदीकाठ हा शब्दच परका वाटेल. ज्या शहराला इ.स. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याने पाण्याकडे तोंड करावे तरी कसे?

फोंतेन्यास ही वस्ती मात्र थेट मांडवीवर नाही. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आणि पूर्वेला ओरेमची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत ती वसली आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून तिला हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिक्वेरा नावाच्या एका गृहस्थाने येथे माडांची लागवड केली. मोझांबिकमध्ये धन मिळवून तो परतला होता, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. नव्या राजधानीत सरकारी नोकर, कारागीर व लहान व्यापारी यांची संख्या वाढत गेली, तशी या माडांच्या जागी घरे उभी राहिली. सरदार-दरकदारांची ही वस्ती नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर ती मध्यमवर्गीयांची वसाहत होती, आणि तिच्या टिकण्यामागे या गोष्टीचाही वाटा असावा असे वाटते.

येथे दोन लोकप्रिय समजुतींचा निर्देश करणे आवश्यक आहे. फोंतेन्यासला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केले आहे, असे अनेक पर्यटन-पुस्तिकांत आढळते. वस्तुतः इ.स. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली ती जुन्या गोव्यातील चर्च व मठ, फोंतेन्यास नव्हे. दुसरी गोष्ट वस्तीतील मुख्य रस्त्याच्या नावाची. '३१ जानेवारी मार्ग' हे नाव पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याच्या दिवसाचे आहे, असे वाटाडे सांगतात. ती घटना १ डिसेंबर १६४० ची. ३१ जानेवारी हा दिवस इ.स. १८९१ मध्ये पोर्तु शहरात झालेल्या प्रजासत्ताकवादी उठावाचा होय. पर्यटकाच्या हाती इतिहास पडला की तो असा गोड होत जातो.

चेहरा पश्चिमेचा, देह कोकणचा :

रस्त्यावरून पाहता ही घरे निःसंशय युरोपीय वाटतात. उभट, काटकोनात मांडलेल्या खिडक्या, त्यांच्या भोवती पांढऱ्या गिलाव्याच्या चौकटी, रस्त्यावर झुकलेले लोखंडी कठड्याचे सज्जे, पिवळ्या, निळ्या आणि हुरमुजी रंगाच्या भिंती. पांढरा रंग चर्चसाठी राखीव असे आणि पावसाळा संपल्यावर दरवर्षी घरे नव्याने रंगविली जात, असे स्थानिक लोक सांगतात. पहिल्या दिवशी या रंगांपलीकडे काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी एका घराची डागडुजी चालू होती, तेथे थांबलो आणि गिलावा काढलेली उघडी भिंत पाहावयास मिळाली. आत होता तांबडा, सच्छिद्र चिरा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कोणत्याही घरात असतो तोच.

चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवा लागून पुढे टणक होतो. त्यामुळे तो पहारी-कुऱ्हाडीने घडविता येतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, म्हणूनच त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी ही म्हणजे केवळ हौस नसून भिंतीची वार्षिक शुश्रूषा होती. अलीकडे ज्या घरांवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग चढविला आहे, तेथे ओल आतच कोंडली जाते आणि एक-दोन पावसाळ्यांतच पापुद्रे निघू लागतात. अशी दोन-तीन घरे सहज दृष्टीस पडली. बाहेरून ती इतरांपेक्षा अधिक चकचकीत होती.

छपराचेही तसेच. कोकणातील पावसाला हवे तसे उतरते छप्पर, त्यावर पूर्वी देशी नळीची कौले आणि पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूर येथे इ.स. १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर ही चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी पट्ट्यांत बसविलेले असत. या शिंपल्यांतून प्रकाश येतो, परंतु ऊन येत नाही. काही घरांत त्या आजही शिल्लक आहेत. काच महाग व आयात करावी लागणारी, शिंपले खाडीत मुबलक. असा हा सरळ हिशेब होता.

थोडक्यात, नकाशा आणि दर्शनी भाग पश्चिमेकडून आला, पण साहित्य, हात आणि हवामानाचे ज्ञान येथील होते. दारात बसण्याच्या सोयीसाठी गोव्यातील घरांना जो 'बाल्कांव' असतो, तो पाहून तर मला आमच्या वाड्यांतील ढाळजच आठवली. फरक इतकाच की ढाळज दिंडी दरवाजाच्या आत असते. तेथे बसलेला माणूस येणाऱ्यास पारखतो, रस्त्यावरून मात्र तो दिसत नाही. बाल्कांवात बसलेला माणूस स्वतःही दिसत असतो. फोंतेन्यासच्या अरुंद गल्ल्यांत बाल्कांवाला जागा नाही, म्हणून तेथे हेच काम वरचा सज्जा करतो. आपला वाडा चौकाकडे पाहतो, हे घर रस्त्याकडे पाहते.

या दोन्ही प्रवृत्ती एकाच इमारतीत पाहावयाच्या असतील तर जुन्या सचिवालयामागील म्हामाय कामत यांच्या घराकडे जावे. हे सारस्वत व्यापारी घराणे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पोर्तुगीज व फ्रेंच व्यापाराशी त्यांचा मोठा संबंध होता. नदीकाठच्या सत्ताकेंद्राला खेटून असलेले हे घर आतील अंगणांभोवती, आपल्या परिचयाच्या पद्धतीने बांधलेले आहे. या घराण्याचे दप्तर आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात असून त्यात पोर्तुगीज व फ्रेंच कागदांबरोबर मोडी लिपीतील मराठी कागदही आहेत. पाश्चात्य शैलीच्या राजधानीचा हिशेब अंशतः मोडीत लिहिला जात होता, ही बाब मोडीच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

घर उभे राहते कोणामुळे?

दिनांक १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली. त्यानंतरच्या काळात पणजीत जमिनीचे भाव वाढत गेले. जेथे दुमजली घर आहे तेथे बहुमजली इमारत बांधण्याचा मोह सर्वत्र सारखाच असतो. तरीही या वस्त्या बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. याचे एक कारण कायद्याचे. इ.स. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यान्वये झालेल्या नियोजनात हा भाग संवर्धन क्षेत्र म्हणून राखला गेला. दर्शनी भाग, उंची, छप्पर यांत बदल करण्यापूर्वी संवर्धन समितीची संमती लागते.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते वारसाहक्कात दडलेले आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची (इ.स. १८६७) परंपरा चालू राहिली, वारसाविषयीच्या तरतुदी आता इ.स. २०१२ च्या राज्य कायद्यात आहेत. मुलगा व मुलगी दोघांनाही समान हिस्सा मिळतो आणि मालमत्तेचा अर्धा भाग वारसांकडून काढून घेता येत नाही. पती-पत्नीची मालमत्ताही सर्वसाधारणपणे सामाईक असते. परिणामी एका घराला काही पिढ्यांनंतर डझनावारी मालक होतात, त्यांतील काही लिस्बनला, काही मुंबईला, काही कॅनडात. सर्वांच्या सह्या मिळाल्याशिवाय घर विकता येत नाही, म्हणून ते पाडले जात नाही. पण त्याच कारणाने छप्पर दुरुस्तही होत नाही. न्याय्य कायदा घराला वाचवितो आणि तोच हळूहळू मारतोही, असे विचित्र चित्र येथे दिसते. कुलूप लावलेल्या आणि कौलांतून पिंपळ उगवलेल्या एका घरासमोर शेजारच्या वृद्ध बाईंनी मला हेच फार थोड्या शब्दांत सांगितले: "मालक खूप आहेत, माणूस कोणी नाही."

जी घरे चांगल्या स्थितीत आहेत, त्यांत एक तर कुटुंब राहते किंवा अतिथिगृह, कलादालन, उपाहारगृह चालते. या व्यवसायांमुळे छपराचा खर्च निघतो, हे मान्य करावे लागेल. मात्र त्यामुळे रस्ता छायाचित्रांची पार्श्वभूमी होऊन बसतो. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी आलेली जोडपी कोणाच्याही पायरीवर बसतात, दाराची कडी वाजवितात. अनेक दारांवर 'छायाचित्रे काढू नयेत' अशा पाट्या आहेत. मीही पहिल्या दिवशी एक निळे घर टिपण्यासाठी कॅमेरा उचलला होता. खिडकीतील बाईंनी शांतपणे खिडकी लावून घेतली. त्यानंतर कॅमेरा पिशवीतच राहिला.

नदीकाठाची अवस्था याहून अवघड आहे. विधानसभा इ.स. २००० मध्ये पर्वरीला गेली आणि आदिलशाही राजवाडा रिता झाला. इ.स. २००४ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीचे व कांपाल परिसराचे नूतनीकरण झाले, ते आजही सुखद वाटते. परंतु संध्याकाळ झाली की मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटींचे दिवे लागतात आणि राजवाड्याचा दर्शनी भाग त्या झगमगाटात हरवतो. शहराचा चेहरा नदीकडे आहे खरा, पण समोर आता नदी दिसत नाही.

कोबेचे धुराडे :

सुट्टीच्या दिवशी पाश्चात्य शैलीची घरे आणि बंदर पाहण्यासाठी गर्दी होते असे एक प्रसिद्ध ठिकाण जपानमध्ये आहे, ते म्हणजे कोबे. तेथील इतिहास वाचला असता पणजीचे काही विशेष अधिक स्पष्ट होतात, आणि मराठवाड्याचेही.

कोबे बंदर परदेशी व्यापारास दिनांक १ जानेवारी १८६८ रोजी खुले झाले. किनाऱ्यालगतची परकीयांची वसाहत अपुरी पडू लागली, तेव्हा व्यापारी व वकिलातींचे अधिकारी यांनी बंदर दिसेल अशा कितानो नावाच्या उतारावर घरे बांधली. लाकडी फळ्यांच्या भिंती, बाहेर आलेल्या खिडक्या, विटांची धुराडी असा त्यांचा थाट. बांधणारे सुतार जपानी. इ.स. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील भारतीय व्यापारी मोठ्या संख्येने कोबेला आले, आणि याच कितानो भागात आज जैन मंदिरही आहे. इ.स. १९८० मध्ये हा परिसर संरक्षित झाला. पणजीशी तुलना करता फरक असा की, येथील बऱ्याच घरांत आता कोणी राहत नाही; तिकीट काढून ती पाहावयाची असतात. छप्पर गळत नाही, पण खिडकी लावून घेणारी बाईही नाही.

दिनांक १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेला प्रचंड भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. लाकडी घरांवरील जड कौलारू छपरांनी अनेकांचा बळी घेतला. कितानोतील पाश्चात्य घरांची विटांची धुराडी कोसळली. घराचा जो अवयव त्या भूमीला मानवणारा नव्हता, तोच आधी पडला. 'मोएगी' नावाच्या घराच्या बागेत असे एक कोसळलेले धुराडे जपून ठेवले आहे. बंदरावर तडकलेल्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा भाग स्मारक म्हणून तसाच राखला आहे. जुन्या वसाहतीतील, सुमारे इ.स. १८८० ची, 'पंधरा क्रमांकाची' म्हणून ओळखली जाणारी इमारत पूर्णपणे जमीनदोस्त झाली होती. जुनी लाकडे वापरून, पायाखाली भूकंपाचे धक्के शोषणारी योजना करून, इ.स. १९९८ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. तिची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद आधीच झालेली होती.

नोंद नसलेली घरे :

कोबेच्या सोळा महिने आधी, दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्या रात्रीविषयी लातूर-उस्मानाबादच्या वाचकांना काही सांगण्याची गरज नाही. अनगड दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि माळवदावरील पांढऱ्या मातीचा भार यांनी हजारो माणसे झोपेतच गाडली. सुमारे ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. लोकांनी दगड-मातीच्या घरात पुन्हा राहण्यास नकार दिला, आणि त्यांचे भय रास्त होते. माळवद परत आणावे, असे येथे अजिबात सुचवावयाचे नाही.

परंतु एक गोष्ट बोचते. लाकडी खांब, तुळया आणि कडीपाट यांचा सांगाडा काही घरांत उभा राहिला आणि त्याच्या भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या. माळवदाच्या घराचा कोणता भाग मारक होता आणि कोणता तारक, हे जाणून घेण्यासाठी ती घरे मोजावयास हवी होती. ढिगारे उपसले गेले, नवे पत्ते मिळाले. खण, ढाळज, देवळी, पेव हे शब्द मात्र ज्या वस्तूंचे होते त्या वस्तूंचे साधे रेखाचित्रही पुष्कळ गावांत राहिले नाही. ज्या गावांना धक्का लागला नव्हता तेथेही पुढील काळात भयाने आणि प्रतिष्ठेच्या कल्पनेने वाडे पाडले गेले. नांदेडमध्ये इ.स. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले; शहराला त्याचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. त्या रुंदीकरणात जुन्या पेठेतील ज्या घरांच्या दर्शनी भिंती गेल्या, त्यांची छायाचित्रे तरी आज कोणाजवळ असतील काय? लातूरची गंजगोलाई, सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात ती इ.स. १९१७ ची वर्तुळाकार बाजारपेठ, आपण रोज ओलांडतो. तिच्या रचनेवर आपल्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रकल्प केला आहे, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला.

पणजीहून परतल्यावर औसा तालुक्यातील आमच्या गावी गेलो. आमच्या वाड्याचा मागचा भाग १९९३ मध्येच पडला. पुढील ढाळज आणि दोन खण उभे आहेत. सात-बाराप्रमाणे वाड्याचेही हिस्से झाले असून हिस्सेदार अकरा. तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेतले, मोजपट्टी आणि आलेखाची वही घेतली. चुलत्यांनी पडवीत खाट टाकली आणि "पाडायचंच आहे तर मोजता कशाला?" असे विचारत दिवसभर ते आमच्या मागे हिंडले. दुपारनंतर मात्र तेच आम्हाला सांगू लागले की कोणता खांब बाभळीचा, कोणता सागाचा, पेवाचे तोंड कोठे बुजविले आणि आजीची भांड्यांची उतरंड कोणत्या कोपऱ्यात असे. ढाळज चौदा फूट लांब आणि नऊ फूट रुंद भरली. भिंत अडीच फूट जाडीची. माळवदाच्या मातीचा थर एका ठिकाणी तुटला होता, तेथे तो पावणेदोन फूट निघाला. पुण्यातील हिस्सेदारांना डागडुजीविषयी पत्र पाठविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.